मुद्दाम उलटा बसवलेला पंखा

मला संशय आला तो खोकं उघडल्याबरोबर. आता तुम्हीच सांगा, सत्तरी ओलांडलेल्या आईला मुलगा कुरियरने काय पाठवतो? बीपीचं मशीन, गुडघ्याचा पट्टा, फार तर सुकामेवा. माझ्या मुलाने पुण्याहून विमान पाठवलं. तेही अख्खं नाही, तुकडे! पिवळं पडलेलं जुनं खोकं, वर दुमजली पंखांच्या लढाऊ विमानाचं चित्र, आत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिंचांसारखे लटकलेले बारीक बारीक भाग आणि नुसत्या आकृत्यांचा एक कागद. असली जुनी किट जमवायचा त्याला शौक आहे, ते मला ठाऊक होतं. पण त्यातलं एक आईला?

"टाइमपास होईल तुला," तो फोनवर म्हणाला. मागून सून म्हणाली, "आणि आई, रोज फोटो टाका हं. कुठपर्यंत आलं ते कळेल आम्हाला."

कळेल आम्हाला! बस, तिथेच माझी ट्यूब पेटली.

झालं होतं असं की, मागच्या खेपेला मुलगा आलेला असतानाच मी गॅसवर दूध ठेवून फ्रीगंजच्या बाजारात निघून गेले. पातेल्याचा कोळसा झाला. मग तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला, मला बाहेर बसवलं आणि स्वतः आत बोलत बसला. बाहेर येऊन म्हणतो, "आई, आता पुण्यालाच चल. इथे एकटीने राहणं बरं नाही."

"दूध तर तुझ्या बायकोचंही उतू जातं," मी म्हटलं. "तिला कुठे धाडतोस?"

हसला, पण विषय काही सोडला नाही. आणि मला तर उज्जैनमधलं, नानाखेड्यातलं माझं घर सोडायचं नव्हतं. तिथे पुण्यात सातव्या मजल्यावर बसून मी कोणाशी बोलू, लिफ्टशी?

म्हणजे हे विमान नव्हतं, परीक्षा होती. आईचे हात थरथरतात का, डोळ्यांना दिसतं का, एकामागून एक काय करायचं ते डोक्यात राहतं का. पास झाले तर उज्जैन, नापास झाले तर पुणे.

त्यातच शेजारीण रोज विरजण मागायला येऊ लागली. "आंटीजी, थोड़ा जामन मिलेगा?" जिच्या दह्याची गल्लीभर तारीफ, तिला माझं विरजण कशाला? नजर सगळी टेबलावर. "अरे वाह, आज तो पहिये लग गए!" मी मनात म्हटलं, जा, कळव पुण्याला.

पण परीक्षा तर परीक्षा. जुना मसाल्याचा डबा घासून घेतला आणि त्याच्या वाट्यांमध्ये भाग वेगवेगळे ठेवले. नेलकटरने एकेक तोडायचा, कानशीने घासायचा. रंग आणायला फ्रीगंजला गेले तर दुकानदार म्हणतो, "अम्मा, पोते के लिए ले जा रही हो?"

"नहीं भैया, इम्तिहान मेरा है."

जाताना गॅस मात्र तीनदा तपासला होता, हे सांगून ठेवते.

रंग घट्ट लावला की ब्रशचे ओरखडे राहतात. पातळ करून दोन हात दिले की धिरड्यासारखा एकसारखा पसरतो. वरून शेवाळी, खालून साईच्या रंगाचा. धूळ बसू नये म्हणून वर पिठाची चाळणी पालथी घालायची. खरी गंमत वरच्या पंखाची. त्याला खालून बारीक खांब, आणि सगळे एकदमच आपापल्या भोकात बसले पाहिजेत. एक बसवला की दुसरा निसटतो, मांडवाच्या खांबांसारखं. शेवटी पंख उलटा पाटावर ठेवला, खांब त्यातच चिकटवून सुकवले आणि विमानच वरून पालथं घातलं. कागदात असं नव्हतं. दोन्ही पंखांमध्ये तारा ओढायच्या होत्या, त्यासाठी दोरा जाड दिसायला लागला. मग माझ्याच फणीतले पांढरे केस घेतले. अगदी चांदीची तार! म्हातारपण कुठेतरी कामी आलं.

विमान पुरं करून शोकेसमध्ये ठेवलं आणि कळलं की मुलगा-सून दोघं येताहेत. तेव्हा माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. ही खरंच परीक्षा आहे की माझ्याच मनाचे खेळ, हे एकदा बघूच. विमानाच्या नाकावरचा पंखा खिळीवर नुसता दाबून बसवायचा असतो, फिरता राहावा म्हणून. त्याची फुगीर बाजू पुढे हवी. मी मुद्दाम उलटा बसवला. सहज बघणाऱ्याला कळणार नाही, तपासणाऱ्याला कळेल. ज्याने पकडलं तो परीक्षक!

रिक्षा दारात थांबली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मुलाने पकडलं, तर मी मुद्दाम केलं यावर विश्वास कोण ठेवणार? मी धावले शोकेसकडे, पण तेवढ्यात दोघं आतच आले.

मुलगा आंघोळीला गेला. मी चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बाहेर बघत राहिले. सून शोकेसपाशी गेली. विमान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. मग न्हाणीघराच्या दाराकडे एकदा बघितलं, पंखा हळूच काढला, फिरवला आणि बरोबर बसवला. विमान जागच्या जागी ठेवून आत आली आणि म्हणते, "आई, आलं किसू का?"

मी आलं आणि किसणी तिच्या हातात दिली.

मुलाने चहा पिताना विमान वर-खाली करून बघितलं. पंख्यावर बोट ठेवून म्हणाला, "आई, हाही बरोबर? अगं, इथे भले भले चुकतात!"

"मी म्हटलं नव्हतं?" सून म्हणाली. "आईंना काही झालेलं नाही. पुण्याचा विषय आता काढायचा नाही."

"बरं बाबा, नाही काढत."

म्हणजे माझा शक खराच होता. मी जिंकले होते, आणि तोंड उघडायची सोय नव्हती. माझ्या इतक्या सफाईच्या कामात सुनेला माझी एक चूक सापडली होती, आणि ती चूक नव्हती हो!

निघताना वाकून नमस्कार करताना ती हळूच म्हणाली, "आई, चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या हं."

"हो गं बाई," मी म्हटलं.

आता नवाच संशय मनात घोळतो. तिने माझी बाजू घेतली, की सासू पुण्यात नकोच म्हणून पंखा फिरवला? कधी हे वाटतं, कधी ते. दोन्ही असेल तरी घर माझं वाचलं. शेजारीण अजून विरजण नेतेच आहे.

चष्मा तपासून आले. नंबर तोच निघाला, म्हणजे चूक डोळ्यांवर ढकलायची सोयही गेली. सुनेला मात्र कळवलेलं नाही.