काकांची भीती आणि माझ्या दोन शेळ्या

जगात भिण्यासारखं जे जे काही आहे, ते सगळं माझ्या मावशीच्या यजमानांनी आधीच भिऊन ठेवलेलं आहे. बाकीच्यांनी नव्यानं कष्ट घ्यायचं कारण नाही. भाटघरला, धरणाच्या खालच्या अंगाला त्यांचं घर आणि थोडी भातशेती. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की लांबलांबची माणसं पाणी बघायला येतात, भाजलेली कणसं खातात, फोटो काढतात. काका त्या दिवशी पासबुक, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मावशीचा नवा कुकर पिशवीत भरून टेकडावरच्या देवळात जाऊन बसतात. कुकर कशाला, असं मावशीनं एकदा विचारलं, तर म्हणाले, वाचलो तर जेवायला नको का? एसटीत ते पुढे बसत नाहीत, कारण समोरून कोणी धडकलं तर. मागे बसत नाहीत, कारण मागून कोणी धडकलं तर. आणि खिडकीशी तर नाहीच नाही. भोर ते कापूरहोळ हा एवढासा प्रवास ते मधल्या बाकावर दांडा घट्ट धरून करतात आणि उतरल्यावर ड्रायव्हरला हात जोडतात. ड्रायव्हरला वाटतं, माणूस फार सज्जन आहे. तसा तो आहेच.

मोबाईल त्यांनी घेतला तोच मुळी भीतीपोटी, म्हणजे काही झालं तर कळवता यावं म्हणून. पण त्यावर आकडा असलेला कुठलाही मेसेज आला की तो बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसायचा, असा त्यांचा नियम. दर सोमवारी भोरला बँकेत जाऊन आपले पैसे अजून आहेत का, हे ते विचारून येतात. तिथल्या खिडकीतली मुलगीही आता सरावली आहे. काका दारात दिसले की ती कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवते, काका चष्मा लावून आकडा बघतात, ‘बरं हाय’ म्हणतात आणि परत फिरतात. वर्तमानपत्रातल्या फसवणुकीच्या बातम्या ते मोठ्यानं वाचतात, आणि मावशी त्या भाकऱ्या थापता थापता निवांत ऐकते. तिला त्याशिवाय स्वयंपाक गोड लागत नाही, असं ती म्हणते.

मी तेव्हा शिवऱ्याजवळ, हायवेला लागून असलेल्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये स्पेअर पार्टच्या काउंटरला होते. पोटाला चिमटा घेऊन थोडे पैसे साठवले होते. पुण्यात एक्स-रे काढायचं शिकवणारा डिप्लोमा करायचा, एवढंच डोक्यात होतं, आणि त्याला अजून दीडेक वर्ष अवकाश होता. घरून मिळण्यासारखं काही नव्हतं. हे पैसे गेले तर मी जन्मभर क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड मोजत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यामुळे पैसे साठेपर्यंत जी झोप शांत लागायची, ती साठल्यावर उडाली. खात्यात तसेच ठेवले तर कोणाच्या तरी लग्नाच्या साडीत आणि कोणाच्या तरी दवाखान्यात विरघळून जाणार. कुठे टाकावेत तर बुडणार. वडील म्हणाले, सोनं घे, लग्नात उपयोगी पडेल. आई म्हणाली, आळीतल्या बायकांची भिशी आहे. आणि काउंटरवरचा माझा जोडीदार म्हणाला, मोबाईलवर एक स्कीम आहे, वर्षात दुप्पट.

मी काकांकडे गेले ती सल्ला मागायला नव्हे. माझा बेत साधा होता. एकेक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवायची, ते कशाला किती भितात ते बघायचं, आणि सगळ्यात कमी जिथे भितील तिथे पैसे टाकायचे. ताप बघायला थर्मामीटर, तसे मला काका.

सोन्याचं नाव काढताच त्यांनी उठून मागच्या दाराची कडी बघितली. भिशी चालवणारी बाई वर्षानुवर्षांची शेजारीण आहे म्हटलं, तर म्हणाले, म्हणजे आपलं सगळं तिला माहीत आहे. बँकेतल्या मुदत ठेवीला ते भ्याले, पण बेतानं. तेवढ्यात चहा संपवला. पोस्टाबद्दल त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पोस्टमास्तर बायकापोरांत राहतात का. राहतात म्हटल्यावर बराच जीव भांड्यात पडला. मला खरी धास्ती होती ती म्युच्युअल फंडाची, कारण बाजार वर-खाली होतो म्हटल्यावर काका माळ्यावर चढून बसतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी ती जाहिरात टीव्हीवर ऐकलेली होती. शेवटी एक माणूस जोखमीबद्दल काहीतरी भरभर बोलून जातो, ते त्यांच्या मनात बसलेलं होतं. मला मोबाईलवर ती पुन्हा लावायला सांगितली, कान देऊन ऐकली आणि म्हणाले, “ह्यो खरं बोलतोय. पळत पळत बोलतोय, पर खरं बोलतोय. त्याला सवताला बी भ्या वाटतंय बग. त्याच्याकडं थोडं द्यावं. लई न्हाई.”

दुप्पटवाल्याची गोष्ट वेगळी. माझा जोडीदार त्याच्या कुठल्याशा ‘सरां’ना थेट भाटघरला घेऊन आला. सरांचे बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. अर्धा तास ते बोलले. काकांनी एकच प्रश्न विचारला, ह्यात भ्यायचं काय काय हाय तेवढं सांगा. सर मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, काका, यात भिण्यासारखं काहीच नाही. काका उठून मागच्या परसात गेले ते पाहुण्यांची गाडी जाईपर्यंत परतलेच नाहीत. मावशीला एकटीला चहा द्यावा लागला. नंतर बघितलं तर हे गोठ्यात गाईच्या आडोशाला उभे, अंगाला घाम फुटलेला. माझ्या जोडीदारानं मात्र पैसे टाकले. काही महिन्यांनी सरांचा फोन बंद लागायला लागला आणि जोडीदाराची नवी मोटरसायकल शोरूमपुढे दिसेनाशी झाली. त्याचं मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकीच मी हादरले, कारण काकांनी प्रश्न विचारला नसता तर मीही टाकणारच होते.

शेवटी असं ठरलं. फीचे पैसे ठरल्या वेळी लागणारच, तेव्हा ते पोस्टात आणि बँकेत. महिन्याच्या पगारातून थोडेसे फंडात, ज्यांना पाचसात वर्षं हात लावायचा नाही असे. थोडे घरात अडीअडचणीला. तरी एक छोटी रक्कम उरली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे सगळं कागदावरचं झालं, डोळ्याला दिसेल असं काहीतरी पाहिजे. आणि त्यांनी मला अर्धलीनं शेळ्या घ्यायला लावल्या.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. शेळी आपण विकत घ्यायची, राखायची दुसऱ्यानं, आणि जी करडं होतील ती दोघांत अर्धी अर्धी. वेल्ह्याकडच्या डोंगरात एका वाडीवर काकांच्या ओळखीचा एक धनगर राहतो. त्याच्याकडे काकांनी माझ्या पैशानं दोन गाभण शेळ्या घेतल्या. दात बघितले, कास बघितली, कान धरून डोळ्यांत बघितलं. त्या दिवशी काका कशालाही भ्याले नाहीत. लहानपणी त्यांनी शेळ्या राखल्या होत्या, आणि ओळखीच्या वस्तूची भीती वाटत नाही म्हणतात तसं त्यांचं झालं. यात भ्यायचं काय आहे, हे ना त्यांनी सांगितलं, ना मला विचारायचं सुचलं.

भीती घरी आल्यावर सुरू झाली. शेळ्यांनी विषारी पाला खाल्ला तर? कड्यावरून पाय घसरला तर? काका रोज संध्याकाळी धनगराला फोन करायला लागले. त्या वाडीवर रेंज फक्त एका खडकावर येते. तेव्हा तो बिचारा रोज दिवस मावळायला खडकावर चढून उभा राहायचा आणि शेळ्या बऱ्या आहेत एवढं सांगून खाली उतरायचा. दोघींना दोन दोन करडं झाली, त्यातले दोन बोकड माझ्या वाट्याला आले, हे काकांनी मला शोरूमच्या फोनवर कळवलं, आणि साहेबांना वाटलं माझ्या घरी कोणीतरी बाळंत झालं.

मध्यंतरी बाजार पडला. मी काउंटरखाली मोबाईल धरून तासातासाला बघायची. सगळं लाल. एका गिऱ्हाइकाला ब्रेकच्या जागी क्लचचं सामान देऊन बसले. रडवेली होऊन काकांना फोन केला, तर म्हणाले, जाहिरातीतल्या त्या माणसानं आधीच सांगितलं होतं की नाही? मग बघू नको. आणि लगेच करडांच्या जुलाबावर आले.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी शोरूमवर मावशीचा फोन आला. वाडीच्या आसपास बिबट्या फिरतोय, शेजारच्या वस्तीवरचं वासरू गेलं, असं धनगरानं बोलता बोलता सांगितलं होतं. ते ऐकून काकांनी आदल्या दिवशी दुपारची एसटी धरली होती. “कुणाला इचारलं न्हाई का सांगितलं न्हाई. निसती बॅटरी घिऊन गेलं. अजून फोन लागंना बग,” मावशी म्हणाली. बिबट्याची बातमी वाचून भाटघरला खिडक्या लावून घेणारा माणूस बिबट्याच्याच गावाला गेला होता, आणि तो माझ्या पैशांसाठी गेला होता. मी सुट्टी टाकली. नसरापूरला वेल्ह्याची गाडी मिळाली. खिडकीतून बाहेर बघायची मला हिंमत होत नव्हती. मनात एकच चाललं होतं, की शेळ्या गेल्या तर जाऊ देत, डिप्लोमाही राहू दे, पण मावशीला तोंड दाखवायची वेळ येऊ नये. पक्का रस्ता संपल्यावर पायवाट. कारवीच्या झुडपांत नुसतं काही खसखसलं तरी मी जागच्या जागी थिजत होते. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते.

वाडीवर पोचले तर काका ओट्यावर उन्हात बसलेले. अंगावर घोंगडं, हातात चेपलेली जर्मनची थाळी, आवाज पार बसलेला. धनगर हसत होता, पण जपून. त्यानं सांगितलं, की त्यांच्याकडे शेळ्या बाहेर नसतातच मुळी, रात्री घरात चुलीच्या पलीकडे बांधतात आणि दाराला अडसर घालतात. काकांनाही आत झोपा म्हणून त्यानं परोपरीनं विनवलं. पण आत बसून बाहेर काय चाललंय ते कसं कळणार, या धास्तीनं काका ऐकेनात. शेळ्या, करडं, धनगर, त्याची बायको सगळी आत उबेला, आणि काका एकटे बाहेर, बिबट्याच्या बाजूला, पहाटेपर्यंत थाळी बडवत.

मी आधी रागावले. मग तिथेच त्यांच्या शेजारी बसून रडले. भीती नाही वाटली का, असं विचारलं.

“वाटली की,” काका म्हणाले. “लई वाटली. पर घरी बसून वाटत व्हती ना, ती ह्याच्यापरीस मोठी व्हती. तू माज्या शबदावर पैसं टाकलं. त्या जाहिरातीतल्यानं बी आपलं भ्या सांगितलं व्हतं, म्या तुला शेळ्यांचं कायबी सांगितलं न्हाई.”

बिबट्या त्या रात्री आला होता की नाही, कोणाला माहीत नाही. धनगराचं म्हणणं, असलाच तर त्या आवाजानं घाट उतरून गेला असेल.

प्रवेशाच्या वेळी फी पोस्टातल्या पैशांत बसली, पण होस्टेलचं डिपॉझिट कोणी धरलंच नव्हतं. फंड तेव्हा खालीच होता. काढला असता तर नुकसानीत. मग माझ्या वाट्याचे बोकड आणि त्या दोन शेळ्याही विकायच्या ठरल्या. बकरी ईद जवळ आली होती. भोरला शिवणकाम करणारे एक चाचा दोन्ही बोकड बघायला आले. त्यांनी फारशी घासाघीस केली नाही. काकांचा चेहरा बघून ते म्हणाले, “घरातल्या लेकरावानी संबाळतो. तुमी जीवाला लावून घेऊ नका.” काकांनी मान हलवली आणि तोंड फिरवलं. शेळ्या धनगरानंच ठेवून घेतल्या, पैसे रोख दिले. ते सगळे घेऊन काका आमच्या घरी आले आणि माझ्या हातावर ठेवले. मी म्हटलं, काका, आता तरी सुखानं झोपा. तर म्हणाले, झोप येत नाही, रात्री काळजी करायला काहीच राहिलं नाही.

आता मी पुण्यात असते. शिक्षण झालं, एका दवाखान्यात एक्स-रे काढते, पगारातून फंडात थोडे जातात, ते हळूहळू वर आलेत. रोज दिवस मावळला की काकांचा फोन येतो. खोलीची कडी लावली का, रिक्षात एकटी होतीस का, जेवलीस का, मशीनचा त्रास अंगाला होत नाही ना. सुरुवातीला मी वैतागायची, मैत्रिणींसमोर फोन उलटा ठेवायची. काकांचं वय झालंय आता, हात थरथरतो, कधी भलताच नंबर लागतो, कधी फोन यायला उशीर होतो. अशा संध्याकाळी मी खिडकीशी फोन हातात धरून बसते, आणि तो वाजेपर्यंत मला फार भीती वाटते.