पाय इन द स्काय

मी वडवणीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. माझे मामा नेकनूरजवळच्या एका गावात सरपंचपदाला उभे होते. प्रचाराच्या धामधुमीत एकदा ते घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "गावात हेलिपॅड बांधायचंय. सीताफळं सकाळी तोडली की संध्याकाळी दुबईत." गावात बससुद्धा दिवसातून एकदाच यायची.

"मामा, हे तर पाय इन द स्काय झालं," मी म्हणालो. इंग्रजीत पाय म्हणजे आत गोड सारण भरलेला एक पदार्थ. तो आभाळात असला तर बघायला छान, पण तोंडात कधी पडायचा नाही. म्हणून न जमणाऱ्या बेताला इंग्रज असं म्हणतात. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मामा खूश होऊन उठलेच. "पाय आभाळात! लई भारी बोललात, भाचेराव!"

शेवटच्या सभेत मी पहिल्या रांगेत होतो. मामा माईकवर गरजले, "माझा प्रोफेसर भाचा सोता म्हणलाय, आपलं हेलिपॅड म्हंजी पाय इन द स्काय हाय!" टाळ्या थांबेनात. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी उभा राहून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

मामा निवडून आले. हेलिपॅडही झालं. हेलिकॉप्टर अजून आलेलं नाही, पण सुगीत तिथं सगळं गाव सोयाबीन वाळवतं. मामा म्हणतात, "लई गर्दी व्हायली. दुसरं एक बांधावं लागंल."