नारळावरचा ठेका

अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या मुलांची स्कूलबस चालवणाऱ्या बाईंचा, मेरेंगे या कॅरिबियन नाचगाण्यांचा अल्बम यंदा देशभर गाजला. शब्द त्यांचे, चाली त्यांच्याच. तरी बस सातला हजर. अभिनंदन केलं की म्हणत, "आधी मुलाला बसवा, मग कौतुक करा."

इथल्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. त्या दोन गाणी म्हणणार होत्या. शाल-नारळ झाल्यावर अध्यक्षांनी, संगीताला शब्दांची गरज नसते, हे पंचवीस मिनिटं समजावून सांगितलं. मग सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. "दोनला हॉल सोडायचाय यार, पुढे कुणाचा तरी बर्थडे आहे. गाणी कॅन्सल. बाईंना तूच सांग."

मी ओशाळून सांगितलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. "सहा मिनिटं आहेत. तेवढ्यात मी तीन स्टॉप घेते."

अंगठीने नारळावर ठेका धरून त्या माइकशिवाय गाऊ लागल्या. निघालेल्या काकूंनी पर्स खुर्चीवर ठेवल्या आणि पदर खोचले. दोन वाजले तेव्हा बर्थडेची मंडळी केक सांभाळत दारातच नाचत होती, आणि 'वन्स मोअर' सगळ्यांत मोठ्याने अध्यक्ष ओरडत होते.