ओळ मी उचलायची, ठेवायची त्यानं

आमच्या अल्बमची सुरुवात एका शिवीनं झाली. शिवी बाईची. बाई म्हणजे आमची प्रोड्यूसर. बीट, म्हणजे रॅपखालचा ठेका, बनवते, गाणी बांधते आणि पोटापाण्यासाठी टीव्हीवरच्या मालिकांचे आवाज कापते-जोडते. तिनं एका रविवारी फोन करून विचारलं, की तुम्ही दोघं मेल्यावर अल्बम काढायचा का रे? मधली शिवी गाळतो. मी म्हटलं, काढूया. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरतात, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर झालोय, पोरगी दहावीला आहे. आता नाही तर कधी?

दोघं म्हणजे मी आणि माझा जोडीदार. मी मुलुंडचा, कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराचा मुलगा. तो घाटकोपरच्या डोंगरावरचा. त्याचे वडील मराठवाड्यातून आले, दरवर्षी जयंतीला मंचावर भीमगीतं गायचे, त्यामुळे ताल त्याच्या घरातच होता. आम्ही मराठीत रॅप करायला लागलो तेव्हा लोक तोंडावर हसायचे. जुहूच्या वाळूत, आरेतल्या बस थांब्यामागे, कुणाच्या तरी गच्चीवर, जागा मिळेल तिथे गोल करून उभे राहायचो आणि बोलायचो. बाई तेव्हापासूनची. आता नवी पोरं स्टेजवर हात जोडून आम्हाला सीनियर म्हणतात. एकानं तर मला काका म्हटलं. ऐकून घेतलं, काय करणार.

पण एक अडचण होती आणि तीच खरी अडचण होती. दोन वर्षांपूर्वी जोडीदाराच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, जीव भांड्यात पडला, पण आवाज काही पूर्वीसारखा परत आला नाही. खरबरीत झाला, मध्येच बुडायला लागला. डॉक्टर म्हणाले, बोला, बोलत राहा, त्रास काही नाही. हा पठ्ठ्या मात्र गप्पच बसायला लागला. तो एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. दिवसभर काचेआडून लोकांना सांगायचं, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. आता तेही तो हातानंच सांगतो. तळवा वर नेला की श्वास घ्यायचा, मूठ केली की धरायचा, आणि तळवा हळूच खाली आणला की सोडायचा. पेशंटना बरोबर कळतं म्हणे.

मी त्याच्या घरी गेलो, अल्बमचं सांगितलं. त्यानं चहा केला, खारी काढली, पोराच्या ॲडमिशनचा विषय काढला. मी परत अल्बमवर आलो की तो परत ॲडमिशनवर. शेवटी म्हणाला की शब्द मी लिहून देतो, बोल तू. मी भडकलो. तुझ्याशिवाय अल्बम म्हणजे काय, मी काय एकटा भाषण ठोकू? तो हसला आणि मला आणखी एक खारी दिली. जिना उतरताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. हा अल्बम मला त्याच्यासोबतच हवा होता. त्याच्याशिवाय झाला असता तर माझ्या मते झालाच नसता.

तरी बाई म्हणाली, तू सुरू कर, पुढचं पुढे बघू. जोडीदारानं शब्द लिहून पाठवले. तिची रेकॉर्डिंगची खोली बोरिवलीला आहे, आणि खालीच पिठाची चक्की. चक्की चालू असली की माईकमध्ये नुसती घरघर येते, म्हणून रेकॉर्डिंग दुपारी, चक्कीवाला जेवून आडवा होतो तेवढ्या वेळातच. मी सुट्टी टाकून बाइकवर पवई, आरे करत पोचायचो. भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, घामाच्या धारा. तरी मला त्या खोलीत फार बरं वाटायचं.

पहिला टेक मी एकदम झकास दिला. म्हणजे मला तसं वाटलं. काचेपलीकडे बघतो तर बाईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवलेले.

"शेवटचे शब्द कुठे ठेवून आलास?" तिनं विचारलं.

मला काही कळेना. तिनं ऐकवलं. माझाच आवाज, तोच जोर, पण प्रत्येक ओळ टोकाला येऊन गप्प. 'बापाची उमर साच्यावर गेली, माझी लिफ्टच्या...' आणि पुढे नुसता बीट. 'तरी दोघांचा जीव रमला दोस्तांच्याच...' परत नुसता बीट. खड्ड्यात नाही, अड्ड्यात नाही. यमकच गायब!

मी मशीनला नावं ठेवली. बाईनं तेच परत ऐकवलं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. आम्ही सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एकच माईक असायचा, आणि मी बोलायचो सुसाट. ओळ संपेपर्यंत दम संपायचा. म्हणून जोडीदार माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा आणि शेवटचा शब्द टाकून ओळ तो ठेवायचा. तेवढ्यात मी श्वास घ्यायचो आणि पुढची ओळ उचलायचो. त्याच्या कडव्यातही तसंच, प्रत्येक ओळीची सुरुवात मी करायचो, पुढे शेवटापर्यंत तो. असं कुणी ठरवलं नव्हतं. वीस वर्षं तेच चाललं, आणि आमच्या गाण्यातलं यमक कायम त्याच्याच तोंडी राहिलं.

पुन्हा टेक घेतला. कागदावर शब्द समोर लिहिलेला, मला दिसतोय, पण तिथे आलो की तोंड आपोआप मिटतं आणि छाती श्वास घेते. जबरदस्तीनं बोललो तर पुढची ओळ अडखळते. वाट लागली साली. बाई आधी चिडली, मग हसायला लागली, मग मीही हसायला लागलो. घरी स्वयंपाकघरात सराव करत होतो तर आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "मेल्या, अर्ध्यार कित्या गप्प रवतंस?" तिला काय सांगणार? म्हटलं, हल्ली अशीच फॅशन आहे.

बाईनं एक उपाय केला. शेवटचे शब्द माझ्याच आवाजात वेगळे घेतले आणि भोकांमध्ये नीट बसवले. काम चोख होतं, ते तिचं नेहमीच असतं. पण ऐकताना मला कसंसंच झालं. मीच हाक मारतोय आणि मीच ओ देतोय. मी म्हटलं, काढून टाक. ती म्हणाली की यमकाशिवाय गाणं सोडलं तर लोकांना वाटेल फाईल खराब आहे. मी म्हटलं, वाटू दे. ती पेन चावत चावत म्हणाली, शब्द त्याचे आहेत ना, मग ऐकायला तरी बोलवू त्याला.

त्याला तिनंच फोन केला. तुझे शब्द आहेत, चुकलं असेल तर सांग, असं म्हणाली. मला तो नाही म्हणाला असता, बाईला नाही म्हणायची कुणाची टाप नाही. रविवारी दुपारी तो आला, घाटकोपरहून मेट्रोनं, अंधेरीला बदलून. वहिनींनी डबा दिला होता, सुकट आणि भाकरी. आधी जेवलो. बाईच्या बोटांना सुकटीचा वास, ती तशीच मशीनवर बसणार होती, मी तिला हात धुवायला पिटाळलं. खालची चक्की बंद झाली आणि तिनं गाणं लावलं.

पहिल्या भोकाला जोडीदाराच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्याला त्यानं माझ्याकडे पाहिलं, याला काय झालंय असं. तिसऱ्याला त्याचे ओठ हलले. आणि चौथ्या ओळीला, मांडीवर ताल धरलेला असताना, त्याच्या तोंडून शब्द पडला. खरबरीत, खोल, जमिनीतून आल्यासारखा. पण बरोबर जागेवर. केसभरही इकडेतिकडे नाही. तोच दचकला. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसलो, कारण मी त्याच्याकडे पाहिलं असतं तर तो उठून गेला असता, मी ओळखतो त्याला.

बाईनं गाणं परत पहिल्यापासून लावलं. या वेळी त्यानं पहिल्याच ओळीला 'खड्ड्यात' टाकला आणि दुसरीला 'अड्ड्यात', आणि गाणं एकदम उभं राहिलं. संपल्यावर तो पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "एवढंच बोलेन. बाकी तू."

मी म्हटलं, एवढंच तर पाहिजे, यार.

मग दोघं एकाच माईकसमोर उभे राहिलो. बाईकडे दोन माईक आहेत, तरी एकच. खांदा लागला आणि माझी छाती कशी मोकळी झाली, काय सांगू. पुढच्या काही रविवारी आम्ही सगळी गाणी तशीच केली. त्याचा आवाज कधी बुडायचा, कधी फाटायचा, बाईनं एकही जागा गुळगुळीत केली नाही. म्हणाली, तुम्ही म्हातारे झालात ते लोकांना ऐकू दे की. आणि खरं सांगतो, ते शब्द त्याच्या जुन्या आवाजात इतके वजनदार कधीच नव्हते.

शेवटच्या गाण्यात चार ओळींचा बीट मोकळा होता. तिथे कुणी बोलायचं नाही, असं ठरलेलं. टेक चालू होता. मी थांबलो, श्वास घेतला, आणि बाजूला ऐकतो तर हा ओळ उचलतोय. पहिल्या शब्दापासून, एकटा. तो कधीच ओळ उचलत नाही. हे त्यानं लिहून पाठवलं नव्हतं, मला ठाऊकच नव्हतं. दोन ओळी आरेतल्या बस थांब्यावर गेल्या, मग तो म्हणाला, 'टाके घालून शिवला गळा, आवाज तेवढा फाटला.' काचेपलीकडे बाई उभी राहिली. मी हलायलाही घाबरत होतो.

'तुझ्या ओळीच्या टोकाला मी माझा संसार...' इथे त्याचा आवाज बुडाला. ओठ हलत होते, पण बाहेर काही येईना. पुढचा ठोका आला.

"थाटला," मी म्हणालो.

विचार करायला वेळच नव्हता, शब्द आपसूक आला आणि जागेवर पडला. आयुष्यात पहिल्यांदा ओळ मी ठेवली. बीट संपला. बाईनं टेक थांबवला नाही, खाली चक्की सुरू झाली, तिची घरघर माईकमध्ये यायला लागली, तरी नाही. अल्बममध्ये ती तशीच आहे.

जोडीदारानं माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे भरलेले, आणि हसतही होता. मग त्यानं हात उचलला आणि तळवा हळूच खाली आणला. तेव्हा कुठे मी श्वास सोडला.