काही बाधतं का?

वसईतल्या नंदाखाल गावच्या सिस्टरमावशींमुळे मी आज धडधाकट आहे, हे आधी सांगतो. काय झालं ते मागाहून. मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण, रिटायर झालेल्या नर्स. अख्ख्या वसईत त्यांनी जीभ तपासली नाही असा माणूस सापडायचा नाही. रिक्षात बसण्याआधी त्या रिक्षावाल्याला "आ कर" म्हणतात. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना मागच्या बाकावर कोण खोकलं हे मान न वळवता ओळखतात आणि बाहेर आल्यावर त्याला गाठतात. साध्या सर्दीला कुणी अँटिबायोटिक मागितलं की भडकतात. "सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूंची. चोर आगाशीत, पोलीस उमेळ्यात!"

मी लातूरकडचा, आठवीत शाळा सोडलेला, इथे प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या गाळ्यात कामाला. ताप भरला, छाती दुखायला लागली, तेव्हा खोलीत मी आणि पंखा. आईला फोनवर "बराय" म्हणायचो. शेवटी डॉक्टरकडे गेलो. न्युमोनियाची सुरुवात आहे म्हणाले. "काही ॲलर्जी?" मला वाटलं, हा आणखी एक आजार. एक होता तेवढा पुरे. "नाही," म्हटलं.

घराच्या दारातच मावशींनी औषधाची पिशवी हिसकावली. "लहानपणी काही बाधलं होतं का रे?"

"एक सुई बाधली होती. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला. पेनिसिलीनची होती म्हणे."

"अरे गाढवा, यालाच ॲलर्जी म्हणतात! आणि ही गोळी त्याच घराण्यातली!"

मला ओढत त्या परत दवाखान्यात घेऊन गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच रिक्षावाल्याची जीभ बघायची राहिली.

डॉक्टरांनी औषध बदललं. अझिथ्रोमायसिन, घराणं मॅक्रोलाइड. येताना मावशींचा वर्ग सुरू. "जिवाणूच्या पोटात प्रथिनं बनवायचं यंत्र असतं. हे औषध त्यातच जाऊन अडकतं. तुमच्या गाळ्यातलं मशीन जाम झालं तर माल निघतो का? मग त्याची वाढ थांबते, उरलेल्यांना तुझं अंग बघून घेतं." घसा, छाती, कान, कातडी, डांग्या खोकला, कुठे कुठे ते देतात हे त्यांनी रिक्षावाल्याकडूनही वदवून घेतलं. ताप उतरला तरी समोर उभ्या राहून रोज गोळी गिळायला लावली. शेवटच्या दिवशी माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाल्या, "गोळ्या संपल्या तरी औषध काही दिवस अंगात राहतं. घाबरू नकोस."

संध्याकाळी मला त्यांची खिडकी दिसते. मुलं परदेशात, टेबलावर एकच ताट. सगळ्या वसईला विचारणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. हे उपकार मी एक दिवस फेडणार आहे. समोर बसून विचारणार, "मावशी, तुम्हाला काय बाधतं?" त्या म्हणतील, "काही नाही रे, बरी आहे." पण ते मला चालायचं नाही. मीसुद्धा आईला रोज तेच सांगतो.