गावंडे सरांचे दहा प्रश्न

रविवारी सकाळी अकरा वाजता नेहमीप्रमाणे अकोल्याला फोन लावला, तर पलीकडून बाईचा आवाज आला. "मी त्यांची मुलगी बोलतेय. बाबा मंगळवारी गेले." मग तिनं विचारलं, "इथे नुसतं 'जंभेरी' असं नाव दिसतंय... आपण कोण?" मी गावंडे सरांची विद्यार्थिनी नव्हते, नातेवाईक नव्हते, आणि मैत्रीण म्हणावं तर आमच्या वयाची माणसं तसं म्हणत नाहीत. "मोर्शीहून बोलते," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मंगळवार ते रविवार, पाच दिवस मी त्यांना सांगायच्या गोष्टी मनात जमवत होते. बागेत नवीन पाइप टाकला, मांजरीनं पोत्यावर पिल्लं दिली. ज्यांना सांगायच्या ते या पाचही दिवसांत नव्हते, आणि हे मला कळवायचं कुणाला सुचलं नाही, कारण मी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

आता महिना होऊन गेला. सर कोण होते हे मी लिहिलं नाही तर ते तसंच राहील, म्हणून लिहिते आहे.

टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या काळातली गोष्ट. आठवड्यातून एकदा दहा प्रश्नांचा खेळ लागायचा. लांबट टेबलामागे चार जाणकार बसत. मोत्यांच्या कुड्या घातलेल्या एक वयस्क नाट्य-अभिनेत्री, पुण्याचे एक वकील, एक डॉक्टर आणि अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आमचे गावंडे सर. समोर एक अनोळखी पाहुणा येई. चौघांनी मिळून दहा प्रश्न विचारायचे, पाहुण्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं, आणि त्यावरून त्याचा व्यवसाय ओळखायचा. ओळखला की पाहुणा उठून जाई, मग ते दुसऱ्या प्रश्नाला असो की दहाव्या. सर भरभर ओळखत. बोलायचे मात्र आपल्या मोर्शी-अकोल्याकडच्यासारखं. "पण हे तुमी काहून करता?" असं त्यांनी एकदा एका पाहुण्याला विचारलं आणि स्टुडिओतले लोक हसले, सूत्रसंचालकही हसला. सर हसले नाहीत, पुढच्या भागातही ते 'का' न म्हणता 'काहून'च म्हणाले. आमच्या गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांना त्या दिवशी ते आपल्या घरचे वाटले.

मी तेव्हा वडिलांच्या हाताखाली संत्र्याची कलमं बांधायची. जंभेरी म्हणजे एका जातीचं आंबट लिंबू. त्याच्या रोपाला बारीक चीर द्यायची आणि तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरायचा. हे काम पुरुषांचं. मी भरलेले डोळे इतरांपेक्षा जास्त जगत, तरी गिऱ्हाईक आलं की वडील म्हणत, "पोरगी पाणी घालते." माझ्या थोरल्या भावाला ते सहन होईना. त्यानं मला न सांगता त्या कार्यक्रमाला पत्र टाकलं, आणि तीन महिन्यांनी बोलावणं आलं. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जाय. पण डोक्यावरचा पदर पडू देऊ नको."

बडनेऱ्याहून गाडी पकडून भावाबरोबर मुंबईला गेले. स्टुडिओतल्या दिव्यांची झळ अशी की घाम पदरात टिपत होते. चौघांना नमस्कार केला, तेव्हा सरांची नजर माझ्या हातांवर क्षणभर थांबली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. पहिला प्रश्न त्यांचाच होता. "तुमचं काम बसून होते की उभ्यानं?" सूत्रसंचालकानं अडवलं, "सर, हो किंवा नाही असं उत्तर येईल ते विचारा." सरांनी माफी मागितली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "तुमच्या कामात चुना लागते काय?" मी नाही म्हटलं. अभिनेत्रीबाईंना मी शिवणकाम करते असं वाटलं. वकिलांना मी सुईण वाटले. डॉक्टर सोनाराच्या मागे लागले. सरांनी मधेच विचारलं, "हे काम रेल्वेत चालते काय?" लोक खूप हसले, मीही हसले, आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली. दहा प्रश्न संपले. कुणालाच ओळखता आलं नाही. मग नियमाप्रमाणे मी स्वतः सांगितलं, आणि सूत्रसंचालकानं मला डोळा कसा भरतात ते सगळं समजावून सांगायला लावलं.

बाहेर आल्यावर चहाच्या टेबलापाशी सर उभे होते. हळूच म्हणाले, "जंभेरीवर बांधता की रंगपुरी लिंबावर?" मी विचारलं,

"म्हणजे तुमाले ओळखू आलं होतं?"

"अंगठ्यावर चाकूचा घट्टा हाय तुमच्या. मी हेच शिकवतो ना पोराइले."

"मग सांगतलं काहून नाई?"

"अवो, तुमी मोर्शीहून आल्या. दोन मिनिटांत घरी धाडू काय तुमाले?"

तो भाग लागला तेव्हा वडील सगळ्यात मागे, दाराशी उभे होते. संपल्यावर निघून गेले. पण पुढच्या हंगामात वलगाव, चांदूर बाजारकडून लोक यायला लागले आणि विचारायला लागले, "टीव्हीवाल्या बाईनं बांधलेली कलमं कोनती?" वडील बोटानं वाफा दाखवत. आज माझी स्वतःची रोपवाटिका आहे, तिची सुरुवात त्या बोटापासून झाली.

सर मात्र त्यानंतर टीव्हीवर दिसले नाहीत. बऱ्याच वर्षांनी अमरावतीला फळांच्या प्रदर्शनात माझ्या स्टॉलवर आले, सोबत बायको. सर रोपं बघत पुढे गेले तेव्हा काकू मला म्हणाल्या, "तुमच्या त्या भागानंतर यांना बोलावणंच आलं नाही. चहापाशी तुम्ही दोघं बोललात ते कुणीतरी ऐकलं म्हणतात." मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "नाई वो. माझी भाषा त्याइले नको होती." खरं काय ते मला आजही माहीत नाही. मी परत परत विचारायची, ते दरवेळी तेच सांगायचे.

पुढे काकू वारल्या तेव्हा मी भेटायला जाणार होते, पण बागेत पाणी सुरू होतं, जमलं नाही, म्हणून रविवारी फोन केला. मी पाण्याचंच बोलत बसले. सरच म्हणाले, "एखादी वस्तू धरा मनात. दहा प्रश्न विचारतो." तेव्हापासून सहा वर्षं दर रविवारी तो खेळ चालला. माझ्या वस्तू साध्या असत: विळा, कुलूप, शिंकाळं. टीव्हीवर भलभलते व्यवसाय ओळखणाऱ्या माणसाला विळा ओळखायला दहा प्रश्न लागत, आणि तरी ओळखू येत नसे. फोन लवकर संपू नये म्हणून ते चुकतात, हे मला समजायचं. मलाही तो संपायला नको असे. मुलं हैदराबादला, घरात मी एकटी... मी कधी बोलून दाखवलं नाही.

त्या जुन्या कार्यक्रमाचं आता काहीच उरलेलं नाही. मी चौकशी केली होती. टेपांवर दुसरं काही भरून टाकलं असं कळलं.

मागच्या आठवड्यात अकोल्याला जाऊन आले. मुलगी, माधुरी, आवराआवर करत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला बाबा एवढंच सांगायचे की कंटाळा आला म्हणून तो कार्यक्रम सोडला." तिला वाईट वाटलं असावं. आपल्या वडिलांची गोष्ट परकं माणूस सांगतं, हे कुणालाही लागेल. तरी ती उठून मला मागच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. "रविवारी इथे बसायचे, दार लोटून. शेजारच्या काकू मला पुण्याला फोन करून सांगायच्या, तुझे बाबा एकटेच हसतात, कुणाला तरी दाखव. मी डॉक्टरांना दाखवूनही आणलं..." चहा ठेवते म्हणून ती आत गेली.

मी खुर्चीत बसले. खेळ संपला की मी दरवेळी विचारायची, "खिडकीतून काय दिसून राह्यलं, सर?" ते सांगायचे, शेवग्याला फुलं लागली, शेंगा धरल्या, आज भारद्वाज येऊन बसला. मी बाहेर पाहिलं. हातभर अंतरावर शेजारच्या घराची सिमेंटची भिंत होती.

माधुरी चहा घेऊन आली. मी विचारलं, "इथं शेवगा होता काय?"

"होता ना. शेजारचं हे घर बांधलं तेव्हा तोडला. आई गेली त्याच वर्षी."

ती पुन्हा आवरायला गेली. मी कप हातात धरून तशीच भिंतीकडे बघत बसले, चहा निवून गेला.