'कै.' आबांना आग्रहाचं निमंत्रण

आळस टिकवण्यासाठी माझ्या साडूंनी जेवढे कष्ट उपसले, तेवढे उभ्या बीड जिल्ह्यात कुणी कामासाठीही उपसले नसतील. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी घाटनांदुरात कॉम्प्युटर क्लास काढला, आणि कॉम्प्युटरवरही ते हातानं काम करेनात. साध्या एका पत्रासाठी दिवसभर स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायचे हुकूम, लिहीत बसत. "वर्डला आपण हात कावून लावायचा?" ते मला समजावत. "त्याला काय काय येतंय ते तोच सांगतो. स्क्रिप्टमधून नावानं हाक मारायची, काम सांगायचं. आत तो कसं करतोय, आपल्याला काय करायचंय, साडूभाऊ?" घरातही हीच रीत. स्वयंपाकघरात न डोकावता बाहेरून "चहा!" म्हणत. मेहुणीनं आतून "साखर संपली" म्हटलं, की शांतपणे म्हणत, "एरर आला."

एररचा त्यांना भारी तिटकारा. म्हणून प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच हुकूम असे: चूक झाली तरी थांबू नको, पुढं चल.

मुलीच्या लग्नपत्रिकांची पाकिटंही अर्थात स्क्रिप्टनंच छापली. एक्सेलमधल्या यादीतून नाव उचलायचं, वर्डनं छापायचं. कुणाला 'श्री.', कुणाला 'सौ.', आणि माणूस गेलं असेल तिथं 'कै. अमुक यांचे कुटुंबीय'. नेकनूरचे आबा, म्हणजे आमचे चुलत सासरे, म्हातारे पण ठणठणीत. त्यांच्या ओळीत काहीतरी अडलं. स्क्रिप्ट हुकमाप्रमाणं थांबली नाही, आणि वरच्या ओळीतलं 'कै.' आबांना चिकटलं.

पाकीट आबांनी स्वतःच फोडलं. लग्नाला ते आले नाहीत. न येण्याचं कारण मांडवात फुटलं तशी हसाहशी झाली. साडू मात्र अक्षता मुठीत धरून खांबाआड उभे राहिले. पोरीला निरोप देतानाही त्यांची मान वर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते नेकनूरला गेले. ओसरीवर बसलेल्या आबांचे त्यांनी पाय धरले. "चुकलं, आबा. मशीननं..."

"मशीनला मी कुठं म्हाईत हाय? तू तर वाचलं आसशील?"

साडूंनी पाय सोडून हात जोडले. मग म्हणाले, "न्हाई, आबा. एकबी पाकीट वाचलं न्हाई."

"आसं व्हय!" आबांचा चेहरा सैल झाला. "लई दिसांत इकडं फिरकला न्हाईस. मला वाटलं, म्हातारा गेला आसंल आसंच तुला वाटलं."

आबांनी सुनेला ताटं करायला सांगितली. जेवताना ते एकेक विचारत होते: नवरदेव कसा हाय, पंगतीला काय केलतं, पोरगी लई रडली का. साडू खाली बघून सगळं सांगत होते, आणि हातातला घास हातातच राहत होता.